सीबीसीचा अहवाल कसा वाचावा आणि रक्तपेशी कमी असताना काय सांभाळावे

रक्ताचा अहवाल हल्ली डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या फोनवर येऊन पडतो. त्यातले काही आकडे ठळक छापलेले असतात, काहींच्या पुढे वर किंवा खाली जाणारा बाण असतो, आणि डॉक्टरांची भेट दोन दिवसांनी असेल तर ते दोन दिवस त्या बाणांची काळजी करण्यात जातात. हा बाण कोणी विचार करून दिलेला नसतो. यंत्राने मोजलेला आकडा आणि प्रयोगशाळेने ठरवलेली मर्यादा यांची तुलना करून संगणक तो आपोआप उमटवतो. रुग्णाचा मागचा अहवाल काय होता, तो कोणती औषधे घेतो, त्याला मागच्या आठवड्यात ताप आला होता का, यातले काहीही संगणकाला ठाऊक नसते. म्हणून बाण सर्वांत शेवटी पाहावा, हे उत्तम. ‘कम्प्लीट ब्लड काउंट’, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली सीबीसी, कोणत्या क्रमाने वाचावी आणि तीन प्रकारच्या पेशींपैकी एखादी कमी असल्यास दैनंदिन जीवनात काय सांभाळावे, याची ही मांडणी आहे. निदान आणि औषधयोजना डॉक्टरांनीच करायची आहे. मात्र समजून-उमजून विचारलेल्या प्रश्नांमुळे त्यांचे काम सोपे होते आणि रुग्णाची भीतीही आटोक्यात राहते.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी

नाव, वय, लिंग आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ बरोबर आहे ना, हे आधी पाहावे. त्यानंतर एकक पाहावे, कारण निम्मा गोंधळ येथेच होतो. हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, बहुधा ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, पण काही प्रयोगशाळा ते प्रति लिटर देतात, तेव्हा ११.२ आणि ११२ हे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशींच्या, रकान्यात एका अहवालात १,५०,०००, दुसऱ्यात १.५ लाख आणि तिसऱ्यात नुसते १५० असे छापलेले असू शकते. तिन्हींचा अर्थ एका मायक्रोलिटर रक्तात दीड लाख प्लेटलेट असाच होतो. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवताना हे विसरल्यास नसलेली घसरण दिसू लागते.

‘नॉर्मल रेंज’ कशी ठरते, हेही लक्षात असावे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा मर्यादा म्हणून छापला जातो. याचा अर्थ पूर्णपणे निरोगी असलेल्या शंभरातील पाच जण व्याख्येनुसारच त्या पट्ट्याच्या बाहेर राहतात. परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एखाद्या निरोगी माणसावर केल्या, तर त्यातली किमान एक पट्ट्याबाहेर निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. एखादा आकडा मर्यादेच्या किंचित बाहेर असणे आणि मर्यादेपासून फार दूर असणे या दोन गोष्टींना अहवालावर एकच बाण मिळतो, हा त्या छपाईचा दोष आहे.

याशिवाय काही कारणे रक्ताच्या बाहेरची असतात. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर हिमोग्लोबिन प्रत्यक्षाहून जास्त दिसते. ज्या हातातून सलाइन चालू आहे त्याच हाताचे रक्त घेतले तर सर्व आकडे पातळ होऊन येतात. गरोदरपणात रक्तातील द्रवाचे प्रमाण पेशींहून अधिक वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेले दिसते. धूम्रपान करणाऱ्यांचे आणि अतिउंच प्रदेशात राहणाऱ्यांचे हिमोग्लोबिन मुळातच वरच्या बाजूला असते, म्हणून त्यांच्या बाबतीत ‘नॉर्मल’ आकडाही कधी कधी कमतरता झाकतो.

तीन पेशी, तीन आयुष्ये

तांबडी पेशी रक्तात सुमारे १२० दिवस राहते, प्लेटलेट ७ ते १० दिवस, आणि संसर्गाशी लढणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी जेमतेम काही तास. पुढचे बरेचसे या एका गोष्टीवरून उलगडते. अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतील ज्या मऊ भागात या पेशी तयार होतात तिथले, उत्पादन थांबले, उदाहरणार्थ केमोथेरपीनंतर, तर आधी न्यूट्रोफिल घसरतात, पाठोपाठ प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन मात्र कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरते. उलटपक्षी हिमोग्लोबिन काही दिवसांतच दोन-तीन ग्रॅमने खाली आले असेल, तर केवळ उत्पादन मंदावल्याने तसे घडणे शक्य नाही. रक्तस्राव होत आहे किंवा पेशी फुटत आहेत, असाच विचार प्रथम करावा लागतो. त्यात एक फसवी बाब अशी की, मोठा रक्तस्राव झाल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन जवळपास पूर्वीइतकेच दिसते, कारण पेशी आणि द्रव दोन्ही एकाच प्रमाणात गेलेले असतात. अशा वेळी अहवालापेक्षा नाडी, रक्तदाब आणि रुग्णाची अवस्था यांवर विश्वास ठेवावा.

हिमोग्लोबिनच्या ओळी कशा वाचाव्यात

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी, गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास त्याला ॲनिमिया म्हणतात. गरोदर स्त्रियांसाठी पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ही रेषा ११ वर आहे. मात्र ॲनिमिया हे निदान नसून लक्षण आहे, आणि त्याच्या कारणाकडे जाण्याची वाट त्याच अहवालात दोन ओळी खाली असते.

ती ओळ एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाची. प्रौढांत ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते. हिमोग्लोबिन कमी आणि एमसीव्ही ८० च्या खाली असेल, तर लोहाची कमतरता हे सर्वांत नेहमीचे कारण असते आणि थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक विकाराचे) वाहकत्व हे दुसरे. एमसीव्ही १०० च्या वर गेले असेल तर बी-१२ किंवा फॉलेटची (फॉलिक ॲसिडची) कमतरता, मद्यपान, यकृताचे विकार, थायरॉइडची मंदगती, काही औषधे आणि क्वचित अस्थिमज्जेचा विकार यांचा विचार होतो. आकार नेहमीचाच असेल तर मूत्रपिंडाचा जुना आजार, दीर्घकाळ चाललेला दाह किंवा नुकताच झालेला रक्तस्राव तपासावा लागतो. आरडीडब्ल्यू हा आकडा पेशींच्या आकारांत किती विषमता आहे ते सांगतो. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान व मोठ्या पेशींची सरासरी निघून एमसीव्ही अगदी सामान्य दिसू शकते, आणि तेव्हा वाढलेले आरडीडब्ल्यू हीच एकमेव खूण उरते.

लोहाची कमतरता आणि थॅलेसेमियाचे वाहकत्व यांत फरक करण्यासाठी घरी करता येण्याजोगे एक गणित आहे. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागावे. एमसीव्ही ६४ आणि पेशी ५.८ दशलक्ष असतील तर भागाकार ११ येतो. एमसीव्ही ७२ आणि पेशी ३.९ दशलक्ष असतील तर तो साडेअठराच्या आसपास जातो. उत्तर १३ पेक्षा कमी असल्यास वाहकत्वाची शक्यता अधिक, जास्त असल्यास लोहाच्या कमतरतेची. हा केवळ इशारा आहे. पक्की खात्री फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी यांनीच होते. पण वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन हलत नाही, त्यांनी हा भागाकार एकदा अवश्य करून पाहावा आणि डॉक्टरांपुढे ठेवावा.

फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज. प्रौढांत ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेले की साठा संपला असे समजावे, आणि ३० च्या खाली असले तरी अनेक तज्ज्ञ कमतरता मानतात. संसर्ग किंवा दाह असताना मात्र फेरिटिन वाढते, त्यामुळे तापात केलेल्या चाचणीतला ‘चांगला’ आकडा निर्धास्त होण्याजोगा नसतो. बी-१२ च्या बाबतीत एक सावधगिरी महत्त्वाची आहे: कमतरता बी-१२ ची असताना फक्त फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील तर हिमोग्लोबिन ठीक असले तरी बी-१२ तपासावे. दीर्घकाळ मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताची औषधे घेणाऱ्यांनी तर विशेष.

पांढऱ्या पेशी: टक्केवारी बाजूला ठेवावी

एकूण पांढऱ्या पेशी प्रौढांत एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि त्यांच्याखाली पाच प्रकारांची टक्केवारी छापलेली असते. गैरसमज होतात ते या टक्केवारीमुळे. समजा, एकूण पेशी ३,००० आहेत, न्यूट्रोफिल ३५ टक्के आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) ५५ टक्के. अहवालात लिम्फोसाइटपुढे वर जाणारा बाण असेल आणि वाचणारा त्याच्याच मागे लागेल. प्रत्यक्षात ३,००० चे ५५ टक्के म्हणजे १,६५०, जो आकडा प्रौढांसाठी पूर्णपणे सामान्य आहे. खरी कमतरता न्यूट्रोफिलची आहे: ३,००० चे ३५ टक्के म्हणजे १,०५०. म्हणून एकूण संख्येला टक्केवारीने गुणून शंभराने भागावे आणि प्रत्यक्ष संख्या काढावी. पुष्कळ अहवालांत ती ‘ॲब्सोल्यूट काउंट’ म्हणून वेगळी दिलेलीच असते.

न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेल्यास त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. १,००० ते १,५०० ही सौम्य पातळी, ५०० ते १,००० मध्यम आणि ५०० च्या खाली तीव्र. सौम्य पातळीवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि विषाणूजन्य तापानंतर काही आठवडे हा आकडा कमी राहणे नेहमीचे आहे. काही वंशांच्या लोकांत तो जन्मभर कमी असतो आणि त्यांना संसर्गाचा वेगळा धोका नसतो. अशा व्यक्तीचे जुने अहवाल उपलब्ध असतील तर बऱ्याच अनावश्यक चाचण्या टळतात. थायरॉइडसाठी दिली जाणारी कार्बिमाझोलसारखी औषधे, मनोविकारावरचे क्लोझापिन, संधिवातासाठीही दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आणि सल्फा गटातील औषधे न्यूट्रोफिल कमी करू शकतात. यांपैकी काही घेत असताना घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी सीबीसी करून घ्यावी.

अहवालात ‘ब्लास्ट’ किंवा ‘अपरिपक्व पेशी’ असा उल्लेख असेल तर मात्र पुढच्या आठवड्यातील भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांशी बोलावे.

प्लेटलेट: आकड्याची दहशत

प्रौढांत प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. आकडा अचानक फार कमी आला, अंगावर एकही डाग नाही आणि रुग्ण ठणठणीत आहे, तर पहिली शंका चाचणीवरच घ्यावी. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते, आणि काही माणसांच्या रक्तात त्यामुळेच प्लेटलेटचे पुंजके बनतात. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. काचपट्टीवर पसरलेले रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास किंवा सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतल्यास खरे काय ते कळते. या साध्या पडताळणीअभावी लोकांना अस्थिमज्जेच्या तपासणीपर्यंत नेले जाते, हे मला अक्षम्य वाटते.

घसरण खरी असल्यास पातळीनुसार धोका ठरतो. ५०,००० च्या वर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही आणि बऱ्याचशा शस्त्रक्रियाही करता येतात, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र साधारण एक लाखाची अपेक्षा असते. २०,००० च्या खाली त्वचेवर लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे अशी लक्षणे वाढतात. १०,००० च्या खाली, विशेषतः केमोथेरपी चालू असताना, रक्तस्राव नसला तरी प्लेटलेट देण्याची पद्धत आहे.

डेंग्यूमध्ये कुटुंबीयांचे सारे लक्ष प्लेटलेटवर खिळलेले असते, आणि तिथे ते चुकीच्या जागी असते. त्या आजारात जिवावर बेतते ते बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यामुळे. म्हणून हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे त्याचा, आकडा पाहावा: तो मूळ पातळीहून २० टक्के चढला असेल, पोटात सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा रुग्ण सुस्तावला असेल, तर प्लेटलेट ८०,००० असल्या तरी रुग्णालय गाठावे. हा धोका ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे घरच्यांना हायसे वाटू लागते नेमका तेव्हाच, सर्वाधिक असतो.

तिन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी कमी असतील तर स्वतः तर्क करण्यात वेळ दवडू नये. बी-१२ ची तीव्र कमतरता, वाढलेली प्लीहा, औषधांचा परिणाम अशी सुटण्याजोगी कारणेही त्यात असतात, पण अस्थिमज्जेचे गंभीर विकारही असतात, आणि त्यांची निवड रक्तविकारतज्ज्ञांनी करायची असते.

हिमोग्लोबिन कमी असताना

हळूहळू उतरलेल्या हिमोग्लोबिनशी शरीर जुळवून घेते, त्यामुळे आठ ग्रॅमवर कामाला जाणारी माणसे असतात आणि अचानक दहावर आलेला माणूस अंथरुणावर असतो. दिवसातील जड कामे ज्या वेळी अंगात ताकद असते त्या वेळी उरकावीत, मध्ये विश्रांती घ्यावी, आणि आडवे असताना एकदम उठून उभे राहू नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे किंवा डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच होणे ही तातडीची लक्षणे आहेत.

लोहाच्या गोळ्यांबाबत थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण उपचार फसतो तो येथे. गोळी उपाशीपोटी अधिक चांगली शोषली जाते, क जीवनसत्त्वाबरोबर आणखी चांगली. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या यांच्यासोबत मात्र ती वाया जाते. थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. दिवसातून तीनदा गोळी घेतल्याने फायदा तिप्पट होत नाही, कारण एका मात्रेनंतर शरीरात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि पुढच्या मात्रेचे शोषण रोखते. म्हणून हल्ली दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड गोळी सुचवली जाते, आणि त्यात पोटाचा त्रासही कमी होतो. शौचाचा रंग काळपट होणे अपेक्षितच आहे. गोळ्या लागू पडत असतील तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढते, आणि ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. बहुतेक जण नेमक्या याच टप्प्यावर त्या सोडून देतात. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण मुलांमध्ये लोहाची विषबाधा जीवघेणी ठरू शकते.

पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळल्यास केवळ गोळ्या घेऊन थांबू नये. रक्त कुठून जाते आहे, याचा शोध, विशेषतः पचनमार्गाची तपासणी, तितकीच आवश्यक आहे.

रक्त चढवण्याचा निर्णय बहुधा सात ग्रॅमच्या आसपास आणि हृदयविकार असल्यास आठच्या आसपास घेतला जातो. रक्ताची एक पिशवी प्रौढ व्यक्तीत हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढवते. केवळ ‘ताकद यावी’ म्हणून रक्त चढवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

न्यूट्रोफिल कमी असताना

केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान न्यूट्रोफिल सर्वांत खालच्या पातळीवर असतात. या दिवसांसाठी एकच नियम पाठ असावा: ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस, झाला की वेळ न पाहता रुग्णालयात जायचे. पेशीच कमी असल्यामुळे पू, सूज, लाली ही संसर्गाची नेहमीची चिन्हे दिसत नाहीत आणि ताप हीच एकमेव खूण उरते. म्हणून तापमान मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नये, कारण त्याने तीच खूण पुसली जाते. रुग्णालयात पोहोचताच ‘केमोथेरपी चालू आहे आणि ताप आहे’ हे पहिले वाक्य असावे, कारण तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू होणे अपेक्षित असते. थंडी वाजून अंग थरथरत असेल तर ताप नसला तरी हाच नियम लागू आहे.

हात धुणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. घरातील प्रत्येकाने तो पाळायला हवा. तापमान गुदद्वारातून मोजू नये, एनिमा घेऊ नये, दात मऊ ब्रशने घासावेत, आजारी माणसांच्या सहवासात जाऊ नये. कच्ची फळे-भाज्या पूर्णपणे बंद करण्याच्या जुन्या पथ्याचा संसर्ग टाळण्यात विशेष लाभ दिसलेला नाही. नीट धुतलेले, पूर्ण शिजवलेले आणि ताजे अन्न पुरेसे असते, कच्चे मांस, कच्ची अंडी आणि न उकळलेले दूध मात्र वर्ज्य. जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

प्लेटलेट कमी असताना

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन ही दुखण्यावरची औषधे टाळावीत. ती प्लेटलेटची संख्या नव्हे, क्षमता घटवतात. ॲस्पिरिनचा परिणाम तर त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. हृदयासाठी डॉक्टरांनीच ॲस्पिरिन दिलेले असेल तर ते परस्पर बंद न करता त्यांना आकडा कळवावा. स्नायूंत इंजेक्शन घेऊ नये, दाढीसाठी विजेचे यंत्र वापरावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, आणि आदळआपट होईल असे खेळ थांबवावेत. डोके आपटणे, अचानक तीव्र डोकेदुखी, दृष्टी धूसर होणे, लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालयात जावे.

पुढची चाचणी आणि डॉक्टरांची भेट

एका वहीत तारीख, हिमोग्लोबिन, एमसीव्ही, न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या आणि प्लेटलेट असे चार आकडे ओळीने लिहीत जावेत, आणि शेजारी त्या वेळी चालू असलेली औषधे व आजारपणे टिपावीत. दोन वर्षांपासून १ लाख ३० हजारांवर स्थिर असलेल्या प्लेटलेट आणि तीन महिन्यांत तीन लाखांवरून तेवढ्यावरच आलेल्या प्लेटलेट, यांचा अर्थ सर्वस्वी वेगळा आहे, आणि तो एकट्या अहवालात कधीच दिसत नाही. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. सौम्य आणि लक्षणविरहित घसरण असल्यास चाचणी किती आठवड्यांनी पुन्हा करायची, काचपट्टीवरील तपासणी झाली आहे का, चालू औषधांपैकी एखादे कारण असू शकते का, आणि कोणत्या आकड्याला किंवा लक्षणाला भेटीची वाट न पाहता फोन करायचा, हे चार प्रश्न लिहून न्यावेत. उत्तरेही तिथल्या तिथे त्याच वहीत लिहून घ्यावीत, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.